मधली गर्दी, पुढची मोकळीक

मैदानाच्या मध्यावर पाच गडी दिसले की बघणाऱ्याला वाटतं, हा संघ सांभाळून खेळतोय. हैदराबादच्या जामबागेतल्या शाळकरी पोरांना मी फुटबॉल शिकवतो. त्यांचे पालकही हेच विचारतात, ‘सर, पुढं कुणीच कसं नाही?’ माझ्या मते आक्रमणाची याहून धारदार रचना नाही. अट एकच, चेंडू त्या गर्दीत मुक्कामाला थांबता कामा नये.

सेंटर फॉरवर्ड पंधरा-वीस पावलं मागं सरकला की त्याला धरून असलेला स्टॉपर पेचात पडतो. त्याच्या मागं गेला तर गोलसमोर भगदाड पडतं, जागेवर राहिला तर मध्यात आपला एक गडी जास्त होतो. 25 नोव्हेंबर 1953 रोजी वेम्बलीवर हंगेरीच्या हिदेगकुटीनं इंग्लंडची हीच कोंडी केली. स्वतः तीन गोल मारले, निकाल 6-3. त्याआधीच्या जुन्या डब्ल्यू-एम रचनेतही दोन हाफबॅक आणि दोन इनसाइड फॉरवर्ड मिळून मध्यात चौघांचा चौकोन होताच. 2022-23 मध्ये गार्डिओलानं जॉन स्टोन्सला बचावातून उचलून मध्यात आणलं आणि तोच चौकोन पुन्हा मांडला. मँचेस्टर सिटीनं त्या वर्षी चॅम्पियन्स लीग जिंकली.

पण हे शिकायला वेम्बलीपर्यंत जायची गरज नाही. जामबागेपासून जवळच, काचीगुडा आणि चादरघाटच्या शाळांत सय्यद अब्दुल रहीम नावाचे मास्तर शिकवत. पुढं त्यांच्या हैदराबाद सिटी पोलिस संघानं 1950 ते 1954 सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. रहीमसाहेबांचं मोठेपण मी करंडकांत मोजत नाही. त्यांनी पोरांसाठी ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरवल्या, फक्त कच्च्या पायानं खेळायच्या स्पर्धा भरवल्या, हे मला जास्त मोठं वाटतं. चेंडू पायाशी धरायचाच नाही म्हटल्यावर पोरगं तो यायच्या आधी विचार करायला लागतं. मधल्या गर्दीत टिकायला दुसरं काही लागत नाही.

माझा सरावही त्याच वाटेनं जातो. वीस पावलांचा चौकोन आखायचा, आत पाचांविरुद्ध तीन, आणि प्रत्येकाला दोनच स्पर्श. नवा मुलगा पास देणाऱ्याकडं तोंड करून उभा राहतो. चेंडू जवळच्या पायावर घेतो, पाठ गोलकडं, आणि तिघं त्याला घेरतात. त्याला सांगावं लागतं, अंग अर्धं वळव, चेंडू निघाला की एकदा खांद्यावरून मागं बघ, आणि लांबच्या पायावर घे. मग पहिल्याच स्पर्शात चेंडू गोलच्या दिशेनं सरकतो. पहाटे जामबागच्या फुलबाजारात डोक्यावर टोपली घेतलेला हमाल जसा माणसांकडं न बघता दोन माणसांमधल्या फटीकडं बघतो, तशी नजर इथं हवी.

विंगरनं मात्र रेषा सोडायची नाही, कितीही कंटाळा आला तरी. तो आत आला की आपणच आपली जागा खातो. आणि मधून पुढं धावणाऱ्यानं पास देणाऱ्याची मान वर झाली की निघायचं, नाहीतर ऑफसाइड ठरलेला. चेंडू गेला तर जवळच्या तिघांनी तिथंच तुटून पडायचं. गर्दीचा हा फायदा फार कमी लोक ध्यानात घेतात.

रहीमसाहेब पुढं भारतीय संघाचेही प्रशिक्षक झाले. 1956 च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या संघानं ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवलं, आणि गोव्यातल्या आसगावच्या नेव्हिल डिसोझानं तीन गोल मारले. भारत चौथा आला. 4 सप्टेंबर 1962 ला जकार्तात दक्षिण कोरियाला 2-1 नमवून आशियाई सुवर्ण मिळालं. कोलवाळचा फॉर्च्युनातो फ्रँको त्या संघात हाफबॅक होता, आमच्या शहराचे युसूफ खान आणि तुलसीदास बलराम आघाडीला. पुढच्या वर्षी जूनमध्ये रहीमसाहेब कर्करोगानं गेले. त्यानंतर आशियाई स्पर्धेत आपल्याला फुटबॉलचं सुवर्ण मिळालेलं नाही.

माझी शहरातल्या प्रत्येक प्रशिक्षकाला विनंती आहे. बारा वर्षांखालच्या मुलांना 4-3-3, 3-4-3 हे आकडे फळ्यावर लिहून दाखवू नका. वर्षातून एक तरी स्पर्धा ड्रिबलिंगशिवाय भरवा.