मुत्सद्दी नावाची मोटार

मोटारीला 'स्टेट्समन', म्हणजे मुत्सद्दी, असे नाव ठेवणाऱ्याच्या कल्पकतेचे आम्हांला मोठे कौतुक वाटते. मागच्या आसनावर टेकताच माणसाला आपण मंत्रिमंडळात असल्याचा भास व्हावा!

ही मोटार ऑस्ट्रेलियातील होल्डन घराण्याची. १८५६ साली ॲडलेड येथे घोड्यांची खोगिरे बनविणाऱ्या दुकानातून हे घराणे उदयास आले आणि पुढे अमेरिकेच्या जनरल मोटर्सच्या छत्राखाली गेले. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी पंतप्रधान बेन चिफली यांच्या उपस्थितीत पहिली होल्डन मोटार लोकांसमोर आली आणि त्या देशाने तिला आपली मानले.

१९६७ पासून फोर्डची ऐसपैस 'फेअरलेन' तेथेच बनू लागली. तिला उत्तर म्हणून होल्डनने १९६८ साली 'ब्रोहम' आणली. पण तिची लांबी वाढविली ती डिकीत, बसणाऱ्याच्या पायांना त्याचा काय उपयोग? १९७१ च्या 'स्टेट्समन'ने ही उणीव दूर केली. तिच्यासाठी स्टेशन वॅगनचा सांगाडा घेण्यात आला. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर साध्या होल्डनमध्ये १११ इंच होते, ते येथे ११४ झाले. सामानसुमान वाहणाऱ्या गाडीच्या हाडांवर ही श्रीमंती उभी राहिली, ही गोष्ट आम्हांला विशेष भावते.

मात्र जे नाव जनतेने जिव्हाळ्याने जपले, ते 'होल्डन' हे नाव या उंची मोटारीला देण्यात आले नाही. ती नुसतीच 'स्टेट्समन' म्हणून विकली गेली. १९८४ मध्ये ती बंद पडली. १९९० साली परतली, तेव्हा कोठे तिला घराण्याचे नाव लाभले.

आपल्याकडील अनेकांप्रमाणे आम्हीही काही वर्षे आखातात नोकरी केली. तेथील रस्त्यांवर लांबलचक 'शेव्हरोले कॅप्रिस' डौलाने धावत. नावावरून सारे तिला अमेरिकन समजत. वस्तुतः ती स्टेट्समनचीच बहीण, दक्षिण ऑस्ट्रेलियातील एलिझाबेथच्या कारखान्यात जन्मलेली. पुढे २०११ पासून अमेरिकेतील पोलिसांनीही ती वापरली, तीही शेव्हरोले म्हणूनच. परक्या मुलखात राबणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही: काम आपले, पाटी दुसऱ्याची.

२०१० साली 'स्टेट्समन' हे नाव गेले. २० ऑक्टोबर २०१७ रोजी एलिझाबेथचा कारखाना बंद झाला. 'होल्डन' हे नाव बाजारातून मागे घेण्याचा निर्णय जनरल मोटर्सने २०२० साली जाहीर केला, तेव्हा ते नाव लावायला तेथे बनलेली नवी मोटारच उरली नव्हती.