चावीला झोपवा, मग झोपा

गाडी चालवायची मला मनाई, आणि रात्री ती चोरीला जाऊ न देण्याची जबाबदारी मात्र माझी. सोलिहलला मुलाकडे राहायला गेलो तेव्हा हा विचित्र पदभार माझ्याकडे आला. सोलिहल हे बर्मिंगहॅमला चिकटलेलं, नीटनेटकं, संध्याकाळी सातलाच सामसूम होणारं गाव. चिरंजीव ऑफिसच्या कामासाठी जर्मनीला निघाले होते आणि सूनबाईंच्या हॉस्पिटलमध्ये रात्रपाळ्या सुरू होत्या. आपल्या लायसन्सवर पाहुण्याला तिथे वर्षभर गाडी चालवता येते, पण विम्याच्या कागदावर ज्याचं नाव नाही त्यानं चाक हातात धरायचं नाही. माझं नाव नव्हतं. "बाबा, तुम्हाला फक्त रात्रीचं बघायचंय," मुलगा म्हणाला. त्या 'फक्त'मध्ये काय काय भरलंय ते मला नंतर कळलं.

आता गाडीबद्दल. टोयोटा जीआर यारिस. आपल्याकडे मध्यंतरी यारिस नावाची चार दारांची सेडान मिळायची, तिचा हिच्याशी काही संबंध नाही. ही तीन दारांची, आखूड, पांढरी, मागची सीट असून नसल्यासारखी. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा 'एवढ्याशा डबीसाठी एवढा जामानिमा?' असंच मनात आलं. मग मुलानं बॉनेट उघडलं. १.६ लिटरचं, तीनच सिलिंडरचं इंजिन, पण २६१ अश्वशक्तीचं. चारही चाकांना जोर. जागतिक रॅली शर्यतींचा अनुभव वापरून कंपनीनं ती २०२० मध्ये आणली. मोजक्या निघाल्या, म्हणून जुन्या झाल्या तरी भाव उतरत नाही. ज्या गाडीचा भाव उतरत नाही तिच्यावर खरेदीदारांइतकाच चोरांचाही डोळा असतो. अख्खी गाडी कंटेनरात घालून परदेशी पाठवतात, नाहीतर सुटी करून इंजिन, गिअरबॉक्स, सीटा वेगवेगळ्या विकतात.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली, शेवटची काही वर्षं हेड कॅशियर म्हणून. त्यामुळे कुलूप-किल्ली या विषयात मी स्वतःला अगदीच अडाणी समजत नव्हतो. इथे पहिल्याच संध्याकाळी तो समज गेला, कारण या गाडीला किल्लीच नाही. म्हणजे आहे, पण ती कुठल्या भोकात घालायची नसते. खिशात ठेवायची, दाराच्या मुठीला हात लावायचा, दार उघडतं. आत बसून बटण दाबायचं, इंजिन सुरू. मुलानं मला कागदावर आकृती काढून समजावलं. गाडी आपल्या आसपास हलक्या आवाजात विचारते, "आहेस का?" हा आवाज अगदी कमी फ्रिक्वेन्सीचा, मीटर-दीड मीटरच्या पलीकडे ऐकू न जाणारा. खिशातली चावी तो ऐकते आणि चांगल्या खणखणीत आवाजात, ४३३ मेगाहर्ट्झवर, "आहे" म्हणून उत्तर देते. गाडी समजते की मालक आला.

"मग चोर काय करतो?" मी.

"चोर तो हलका आवाज मोठा करतो, बाबा. एकजण गाडीपाशी उभा राहतो, दुसरा आपल्या घराच्या भिंतीशी एक पेटी घेऊन. गाडीची हाक पेटीतून घरात जाते. चावी बिचारी उत्तर देते. गाडी उघडते."

कुलूप न तोडता, काच न फोडता, चावीला हातही न लावता. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या तिघा संशोधकांनी २०११ मध्येच हे दाखवून दिलं होतं. त्यांनी आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर प्रयोग केला आणि दहाही उघडली. तरी अशा गाड्या विकल्या जातच राहिल्या. २०१७ च्या नोव्हेंबरात वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी एक सीसीटीव्ही चित्रण प्रसिद्ध केलं. दोन माणसं येतात, एकजण घराच्या दाराशी पेटी धरून उभा राहतो आणि मिनिटभरात दारातली मर्सिडीज निघून जाते. हे कुठलं? सोलिहलच्याच एल्मडन भागातलं. आमच्या घरून बसनं जाण्यासारखं. मुलानं ते मला मोबाइलवर दाखवलं आणि तो निरोप घेऊन विमानतळावर गेला.

यात एक गंमत आहे, म्हणजे दुरून पाहणाऱ्याला गंमत. पूर्वी इंग्लंडात स्क्रूड्रायव्हर घेऊन गाड्या पळवायचे. मग चावीत चिप आली, ती ओळखल्याशिवाय इंजिन सुरूच होऊ न देणारी यंत्रणा आली आणि १९९८ पासून ती नव्या गाड्यांना सक्तीची झाली. चोऱ्या खूप कमी झाल्या. मग कोणाला तरी वाटलं की खिशातून चावी काढण्याचे कष्ट माणसाला पडू नयेत.

तर माझं पहिलं काम चावीला झोपवणं. टोयोटाच्या चावीवर कुलूप लावण्याचं बटण दाबून धरायचं आणि उघडण्याचं बटण दोनदा दाबायचं. बारीक दिवा चार वेळा लुकलुकतो. मग चावी बहिरी होते, कोणी कितीही हाका मारल्या तरी ओ देत नाही. सकाळी कुठलंही बटण दाबलं की जागी. मुळात ही सोय चावीची बॅटरी वाचावी म्हणून दिलेली आहे. रोज रात्री दूध विरजल्यावर सौ. मला विचारायची, "चावी झोपली का?"

दुसरं काम म्हणजे पिशवी. आतून धातूच्या जाळीचं अस्तर असलेली, फॅरडेच्या नावानं विकली जाणारी. चावी तिच्यात ठेवून गाडीपाशी जायचं आणि मूठ ओढायची. दार उघडलं नाही तर पिशवी चांगली. या पिशव्या घडीच्या जागी झिजतात, म्हणून ही परीक्षा अधूनमधून घ्यायची असते. सौ.चं म्हणणं, आपला नाशिकहून आणलेला चकलीचा स्टीलचा डबा काय वाईट? मी तीही परीक्षा घेतली. झाकण घट्ट असेल तर गाडी गप्प. झाकण नुसतं टेकवलेलं असेल तर खटकन दार उघडलं. रात्री अकरा वाजता, थंडीत, कानटोपी घालून चकलीचा डबा हातात धरून गाडीचं दार ओढणारा मी, पलीकडच्या खिडकीतल्या बाईंना कसा दिसलो असेन, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. इंग्लिश माणसं तशी सभ्य.

तिसऱ्या दिवशी कपाटाच्या खणात दुसरी चावी सापडली. जादा चावी! तीही तितकीच आज्ञाधारक, हाक आली की उत्तर देणारी. तिला कोणी झोपवलंच नव्हतं. आमच्या बँकेत स्ट्राँगरूमच्या दुसऱ्या चाव्यांचा जोड कधी त्याच शाखेत ठेवत नसत, दुसऱ्या शाखेच्या ताब्यात असायचा. स्ट्राँगरूमही एका चावीनं उघडत नसे, एक माझ्याकडे, एक साहेबांकडे. इथे लाखोंची गाडी एका चावीच्या नुसत्या होकारावर निघून जाते हे मला शेवटपर्यंत पटलं नाही. आपल्याकडे गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी आधी दोन्ही चाव्या आणा म्हणते, त्यामागचं शहाणपण मला त्या खणापाशी उभं राहून पटलं.

पण चाव्या ठेवायच्या कुठे? दाराजवळच्या टेबलावर नाही, कारण इथल्या दारांना टपालाची फट असते आणि तीतून काठी-आकडा घालून चाव्या ओढणारे कलाकार आहेत. मग वर झोपायच्या खोलीत? तर म्हणे चोर घरात शिरलाच तर चावीसाठी थेट उशापर्यंत येईल. खाली मिळाल्या तर निदान खालूनच जाईल. यावर सौ.चं मत अगदी स्पष्ट होतं. "आला तर हातात द्यायची आणि चहा घेतोस का विचारायचं. गाडीला विमा आहे, तुम्हाला नाही." शेवटी स्वयंपाकघरात, डाळींच्या मागे, पिशवीत पिशवी असं ठरलं.

इतकं झाल्यावर मला जरा हायसं वाटलं, ते फोनवर मुलाला सांगितलं. तो हसला. "बाबा, आता काही जणांना चावी लागतच नाही." मग त्यानं इअन टेबर यांची गोष्ट सांगितली. हे गृहस्थ लंडनमध्ये राहणारे, काम मोटारींच्या सायबर सुरक्षेचं. २०२२ मध्ये त्यांच्या टोयोटा आरएव्ही४ चा पुढचा बंपर कोणी तरी ओढून, हेडलाइटच्या वायरी उपसून ठेवल्या. त्यांना वाटलं, टवाळखोर पोरं असतील. पुन्हा तसंच झालं. मग एके दिवशी गाडीच गेली. केन टिंडेल यांच्याबरोबर त्यांनी शोध घेतला आणि २०२३ मध्ये टिंडेल यांनी तो मांडला. गाडीतली यंत्रं तारेच्या जोडीवरून एकमेकांशी बोलतात. ती तार हेडलाइटपर्यंत आलेली असते. तिथे एक यंत्र जोडायचं आणि आतल्या यंत्रांना खोटंच सांगायचं की चावी आली आहे, दार उघडा. आणि हे यंत्र कशात लपवलेलं? गाणी ऐकायच्या जेबीएलच्या छोट्या स्पीकरच्या खोक्यात. म्हणजे पोलिसांनी पिशवी तपासली तरी तरुण पोरगा गाणी ऐकतोय इतकंच दिसावं.

दिव्याच्या वायरीतून गाडी चोरायची! त्या रात्री मी दोनदा उठून बंपर पाहून आलो.

यावर उपाय आहेत आणि ते मुलानं करून ठेवलेले होते, फक्त मला समजत नव्हते. एक म्हणजे घोस्ट नावाची यंत्रणा. ती गाडीत कुठे तरी दडवलेली असते, कुठे ते मुलालाही नक्की ठाऊक नाही, बसवणाऱ्यालाच माहीत. स्टिअरिंगवरची, दारावरची नेहमीचीच बटणं ठरलेल्या क्रमानं दाबली तरच गाडी पुढे जाते. खरी चावी हातात असली तरी तो क्रम हवाच. हे ऐकून मला पहिल्यांदा जरा घरच्यासारखं वाटलं, दुसरी चावी साहेबांकडे असावी तसं. क्रम मात्र मुलानं सांगितला नाही. "पिन कोणालाही सांगू नये हे तुम्हीच शिकवलंत." यावर काय बोलणार?

दुसरा उपाय माझा आवडता. डिस्कलॉक. स्टिअरिंगचं अख्खं चाक झाकणारं लोखंडी पिवळं तबक, एक दांडा बाहेर आलेला, पोटात कुलूप. ते बसवलं की तबक स्टिअरिंगवर नुसतं गरगर फिरतं आणि चाक वळवता येत नाही. वजन असं की पहिल्या दिवशी माझ्या मनगटानं तक्रार केली. त्यात बॅटरी नाही, ॲप नाही, त्याला कोणी हाक मारत नाही. कापायला वेळ लागतो आणि कापताना आवाज होतो. शिवाय ते पिवळं धम्मक असल्यामुळे बाहेरूनच दिसतं. चोर आत येण्याआधीच त्याला हिशेब करावा लागतो. घोस्टची किंमत मुलाला जास्त वाटते, मला डिस्कलॉकची. दोन्ही हवीत हे तोही मान्य करतो.

ट्रॅकर विमा कंपनीनं अट घालूनच बसवायला लावला होता. थॅचम ही इथली विमा क्षेत्रातली संशोधन संस्था ट्रॅकरना दर्जा देते. आमचा 'एस ५' दर्जाचा, म्हणजे गाडीबरोबर एक छोटा टॅग चालकाकडे हवा. टॅगशिवाय गाडी हलली की नियंत्रण कक्षातून फोन येतो. मी विचारलं, चोरानं नेलीच तर लगेच सापडेल ना? तर चोरही हुशार. गाडी नेऊन एखाद्या शांत गल्लीत दोन दिवस सोडून देतात आणि लांबून पाहतात, कोणी शोधत येतं का. नाही आलं तर मग पुढे. म्हणजे सोलिहलच्या एखाद्या गल्लीत दिसणारी नवीकोरी गाडी कोणाची तरी 'मुरायला' ठेवलेली असू शकते. त्यानंतर सकाळी फिरायला जाताना मी प्रत्येक चांगल्या गाडीकडे संशयानं पाहू लागलो.

खरी अडचण निघाली ती जागेची. घराला गॅरेज आहे, पण इंग्लंडातली जुनी गॅरेजं अरुंद आणि त्यात सायकली, रंगाचे डबे, नातवाचा पाळणा. म्हणून गाडी घरासमोरच्या फरशीवर, तोंड भिंतीकडे, चाकं वळवलेली. तिच्या मागे सूनबाईंची साधी गाडी आडवी, म्हणजे ती हलवल्याशिवाय ही निघणार नाही. योजना उत्तम. फक्त रात्री आठ वाजता सूनबाई तीच गाडी घेऊन हॉस्पिटलला जायच्या. चोरांची वेळ आणि सूनबाईंची ड्युटी एकच!

तोडगा शेजारच्या पंजाबी काकांनी काढला. ते प्लंबर, त्यांची मोठी पांढरी व्हॅन. ती त्यांनी रात्री आमच्या दारात आडवी लावायला सुरुवात केली. त्यात त्यांचाही स्वार्थ होता. इथे व्हॅनमधली हत्यारं फार चोरीला जातात, म्हणून 'रात्री आत हत्यारं नसतात' अशी पाटी लावून फिरतात बिचारे. व्हॅनचं मागचं दार आमच्या भिंतीला टेकवलं की ते उघडत नाही आणि आमची गाडी बाहेर निघत नाही. असा करार मी बँकेतही पाहिला नव्हता. काकांनी बदल्यात फक्त सौ.च्या हातची थालीपिठं मागितली.

दाराच्या कॅमेऱ्याबद्दल फार लिहीत नाही. त्यानं मला रात्रभर मोबाइलवर जो प्राणी दाखवला तो कोल्हा. एकच कोल्हा, रोज, व्हॅनखालून येणारा. चोर एकही नाही.

मुलगा परत आला तेव्हा गाडी जागेवर होती, दोन्ही चाव्या झोपलेल्या होत्या. त्यानं खूश होऊन आम्हाला वेल्सच्या डोंगरात दोन रात्री फिरवून आणायचं ठरवलं, याच गाडीतून. सूनबाईंनी हॉटेल पाहिलं. मी फोन मागून घेतला आणि विचारलं, गाडी रात्री कुठे उभी राहते? फाटक कितीला बंद होतं? कॅमेऱ्यात कुठली जागा दिसते? भिंतीला तोंड करून लावता येईल का, आणि तिच्या मागे दुसऱ्या कोणाला आडवी गाडी लावायला सांगता येईल का? पलीकडची मुलगी सगळं शांतपणे ऐकून म्हणाली, "सर, आपण किती गाड्या घेऊन येताय?"

सौ. इडलीचं पीठ ढवळत होती. वर न बघता म्हणाली, "अहो, तिकडे ट्रेन जात नाही का?"