सहा बँड आणि एक वही

यंदाच्या १४ एप्रिलला आमच्या गावात एकाच नावाची दोन कलापथके गायली. एक चौकात, दुसरे बुद्धविहारासमोर. बॅनरवर नाव तेच, चिन्ह तेच, खाली स्थापनेचे सालही तेच. लोक विचारत होते, "यातले खरे कोणते?" विहारासमोर गाणारे आम्ही तिघे. त्या दिवशी आम्ही छाती ठोकून सांगितले, "खरे आम्हीच!" आज तसे सांगत नाही. का सांगत नाही, त्यासाठी हा लेख. आणि त्यासाठी आम्हाला अमेरिकेतल्या एका गोऱ्या रॉक गायकाची गोष्ट सांगावी लागणार आहे. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

फूट कशी पडली ते आधी सांगतो. आम्ही पाच जण. ढोलकी, कीबोर्ड, एक जुने गिटार आणि दोन गळे. सात वर्षे वर्गणीवर चाललो. मागच्या वर्षी एका इच्छुक उमेदवाराने साउंड सिस्टिम देऊ केली. अट एकच, स्टेजमागे त्याचा फोटो. दोघे म्हणाले घेऊ, तिघे म्हणालो नको. भांडण साउंडवरून सुरू झाले आणि नावावर येऊन थांबले. नाव कोणाचे? त्यांनी सोडले नाही, आम्हीही सोडले नाही.

आमच्यातला गिटारवाला हॉस्टेलला असताना इयन मकायची गाणी ऐकायला शिकला होता. आधी आम्हाला तो नुसता आरडाओरडा वाटला. गाणे सुरू होते न होते तोच संपते! पण भांडणानंतरच्या रिकाम्या संध्याकाळी त्याने आम्हाला या माणसाचा प्रवास सांगितला आणि आम्ही कान टवकारले. कारण या माणसाने सहा बँड केले आणि एकाचेही नाव विकले नाही.

मकायचा जन्म १९६२ चा, वॉशिंग्टन शहरातला. शाळकरी वयात मित्रांबरोबर 'टीन आयडल्स' हा बँड काढला. तिथे तो गात नव्हता, बेस गिटार वाजवत होता. वर्षभरात, १९८० च्या शेवटी, बँड मोडला. तोवरच्या कार्यक्रमांतून जमलेले सुमारे ६०० डॉलर शिल्लक होते. पोरे ते वाटून घेऊ शकली असती. त्यांनी वाटले नाहीत. त्या पैशांतून मोडलेल्या बँडच्या आठ गाण्यांची छोटी तबकडी काढली. ती काढण्यासाठी 'डिस्कॉर्ड' नावाची कंपनी सुरू केली. कंपनी म्हणजे काय, तर पोरे घरात बसून कागद कापायची, घड्या घालायची, डिंक लावून पाकिटे चिकटवायची. बँड मेला, पण त्याच्या शिलकीतून जे उभे राहिले ते चाळीस वर्षांनंतरही चालू आहे. आम्हाला इथेच पहिला धक्का बसला. आम्ही नावासाठी भांडलो, शिलकीबद्दल कोणी ब्रसुद्धा काढला नव्हता.

दुसरा बँड 'मायनर थ्रेट'. इथे मकाय गायक झाला. वेग प्रचंड, आवाज फाटेपर्यंत ओरडणे. त्यांचे 'स्ट्रेट एज' हे गाणे एक मिनिटाचेही नाही. त्यात त्याने दारू आणि नशेला नकार दिला. रॉक म्हणजे नशा असे जिथे गृहीत धरले जात होते, तिथे एकोणीस वर्षांचा पोरगा सांगत होता की मला शुद्धीत राहायचे आहे. त्या गाण्याच्या नावाने जगभर पोरांचे गट तयार झाले. काही गटांनी पुढे त्याचा कर्मठ पंथ करून टाकला, न पाळणाऱ्यांना मारहाण करण्यापर्यंत मजल गेली. मकायने मात्र त्या पंथाचा गुरू व्हायला नकार दिला. मी स्वतःबद्दल गायलो, नियमावली लिहिली नाही, अशी त्याची भूमिका राहिली. १९८३ मध्ये बँड नावारूपाला आलेला असताना पुढे कोणत्या प्रकारचे संगीत करायचे यावर मतभेद झाले आणि बँड थांबला. कोणी 'मायनर थ्रेट (खरा गट)' काढला नाही.

आता इथे थांबून एक हिशोब चुकता केला पाहिजे. कारण आपण कोणाला डोक्यावर घेऊन नाचणारी माणसे नाही.

मकाय ज्या शहरात वाढला तिथे त्या काळी काळ्या लोकांची बहुसंख्या होती. या गोऱ्या पोरांनी वेगवान पंक कोणाकडून शिकले? 'बॅड ब्रेन्स' या चार काळ्या तरुणांच्या बँडकडून. मकाय स्वतः त्यांचे ऋण मान्य करतो, हे खरे. पण त्याच बॅड ब्रेन्सला वॉशिंग्टनच्या क्लबांची दारे बंद झाली आणि ते न्यूयॉर्कला गेले, हेही खरे. ज्यांनी वाट पाडली त्यांना गाव सोडावे लागले. ही गोष्ट आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

आणि १९८१ मध्ये मकायने 'गिल्टी ऑफ बीइंग व्हाइट' नावाचे गाणे लिहिले. त्याच्या शाळेत काळी मुले जास्त, गोरी कमी. गोरा म्हणून मार खाल्ल्याचा राग त्या गाण्यात आहे. पूर्वजांनी केलेल्या गोष्टींसाठी मला का धरता, असा त्याचा सूर आहे. हे गाणे वंशवादाच्या विरोधात आहे असे मकाय सांगत आला. हेतूवर आम्ही शंका घेत नाही. पण मित्रांनो, हा सूर आपण कुठे ऐकला आहे? "आम्ही कुठे जात पाळतो? मग आजोबांच्या चुकांची शिक्षा आम्हाला का?" कॉलेजच्या कट्ट्यावर, ॲडमिशनच्या रांगेत, ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत हेच गाणे आपल्याला दर वर्षी ऐकवले जाते. गुन्हा आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजोबांचा गुन्हा नातवावर येत नाही. पण आजोबांचे घर, जमीन, ओळखी आणि आडनावाचा मान नातवाकडे येतो. त्या वारशाचा हिशोब मागणे म्हणजे शिक्षा नव्हे. एकोणीस वर्षांच्या मकायला हे दिसले नाही. पुढे वंशवाद्यांनी ते गाणे आपल्या सोयीने वापरले. १९९६ मध्ये 'स्लेयर' या मोठ्या बँडने ते गायले आणि शेवटी 'व्हाइट'च्या जागी 'राइट' घातले, तेव्हा मकाय संतापला. पण बाण सुटलेला होता. आपण लिहिलेला शब्द उद्या कोणाच्या हातात जाईल याचा विचार गाणाऱ्याने आधीच करायचा असतो.

हिशोब चुकता झाला. आता पुढे.

मायनर थ्रेट मोडल्यावर वॉशिंग्टनच्या पंक कार्यक्रमांत हाणामारी वाढली होती. १९८५ च्या उन्हाळ्यात तिथल्या काही मुलामुलींनी ठरवले की हे बदलायचे. त्याच उन्हाळ्यात हीच मंडळी दक्षिण आफ्रिकेच्या दूतावासासमोर ढोल, बादल्या, डबे बडवून वर्णभेदाविरुद्ध निदर्शने करत होती. त्या दिवसांत मकायचा 'एम्ब्रेस' हा बँड आला. इथे तो दुसऱ्यावर ओरडण्याऐवजी स्वतःची झडती घेताना दिसतो. हा बँड वर्षभरही टिकला नाही. तरी तो वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही. कारण तिथे त्याचा गळा बदलला, आणि बदललेला गळा पुढच्या बँडला मिळाला.

तो पुढचा बँड म्हणजे 'फुगाझी'. १९८७ ते २००२. इथे मकाय एकटा गायक नव्हता. गी पिचोटो आणि तो, दोघे गायचे. बाजारात नाव झाल्यावरही तिकीट साधारण पाच डॉलर ठेवायचे, कोणत्याही वयाच्या पोराला आत घ्यायचे, बँडच्या नावाचे टी-शर्ट विकायचे नाहीत, हे त्यांचे नियम. समोर कोणी दांडगाई करू लागला की गाणे थांबवायचे, समजावायचे, ऐकले नाही तर पाच डॉलर हातात ठेवून बाहेर काढायचे. स्वतःच्या शहरातले कार्यक्रम ते सामाजिक कामांच्या मदतीसाठी करत. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध तोंडावर असताना ते व्हाइट हाउससमोरच्या बागेत कडाक्याच्या थंडीत गायले. मोठ्या कंपन्या दारात आल्या, त्यांना परत पाठवले. 'रिपीटर' या त्यांच्या अल्बमचा खप अशा मोठ्या कंपनीशिवाय लाखांत गेला. आणि डिस्कॉर्डमध्ये लेखी करार नाही. खर्च वजा जाता नफा कंपनी आणि बँड यांच्यात निम्मा-निम्मा.

२००२ नंतर फुगाझी थांबला. कारण घरगुती. मुले झाली, कोणी गाव बदलले. बँड मोडला असे त्यांनी कधी जाहीर केले नाही, पण त्या नावाने पुन्हा दुकानही मांडले नाही. मकायने ड्रम वाजवणाऱ्या एमी फरिना यांच्याबरोबर 'द ईव्हन्स' केला. दोनच माणसे, खुर्चीवर बसून, हळू आवाजात गाणार. दारूच्या क्लबांऐवजी ग्रंथालये, पुस्तकांची दुकाने, सभागृहे. त्यानंतर त्याच दोघांबरोबर फुगाझीचा जुना साथी जो लॅली आला आणि 'कोरिकी' तयार झाला. त्यांचा अल्बम २०२० चा. जो पोरगा गळा फाडून मिनिटभराची गाणी गात होता, तो साठीच्या उंबरठ्यावर बसून संथ गात होता. नावे बदलली, साथीदार बदलले, आवाजही बदलला. बदलले नाहीत ते स्वस्त तिकीट, उघडे दार आणि पैशांचा हिशोब.

कोणी म्हणेल, "त्याला नाही म्हणणे परवडत होते. बाप मोठ्या वर्तमानपत्रात, कातडी गोरी, डोक्यावर छप्पर." बरोबर आहे. हा आक्षेप आम्हाला सर्वांत जास्त टोचला. नकाराची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. आमच्यातून फुटलेल्या दोघांपैकी एक कंत्राटावर कचऱ्याची गाडी चालवतो. चार महिने पगार थकला होता. त्या उमेदवाराने साउंडबरोबर पगाराचे बघतो म्हणून सांगितले होते. हे आम्हाला भांडणानंतर कळले. आम्ही त्याला भर बैठकीत दलाल म्हणालो होतो. त्याच्या घरी चूल कशी पेटते ते न विचारता म्हणालो होतो. तत्त्व आमच्या बाजूने होते, पण माणूस आम्ही गमावला.

म्हणून मकायकडून घ्यायचे ते नुसता नकार नव्हे. नकार एकट्याने दिला तर तो शौक ठरतो किंवा उपासमार. डिस्कॉर्डने आधी घर उभे केले, हिशोब उभा केला, आणि मग त्या घराच्या बळावर बँडांनी नाही म्हटले. आम्ही उलटे केले. नाही आधी म्हणालो, घर उभेच केले नव्हते. सात वर्षांत अडल्यानडल्या साथीदारासाठी शंभर रुपये बाजूला काढले नव्हते. वर्गणीची वही होती, पण तिच्यात फक्त मंडप, चहा आणि भाडे. माणसाचा रकाना नव्हता.

आता आमचा निर्णय सांगतो. ते नाव आम्ही सोडले आहे. चौकातल्या मित्रांना हवे तर त्यांनी ठेवावे, आम्ही पुन्हा दावा करणार नाही. वहीत ४,३०० रुपये शिल्लक होते. त्याचे पाच भाग न करता सात वर्षांत बांधलेली आमची स्वतःची गाणी रेकॉर्ड करायचे ठरवले आहे, पाचही जणांच्या नावांसह. त्यासाठी गेल्या आठवड्यात आम्ही तिघे त्या गाडीवाल्या मित्राच्या घरी गेलो. आधी माफी मागितली. तो बराच वेळ बोलला नाही. त्याच्या आईने चहा ठेवला. निघताना तो एवढेच म्हणाला, "ढोलकीची शाई गेली आहे. भरून घ्या, मग बघू."

ढोलकी दुरुस्तीला दिली आहे. नवी वही आणली आहे. पहिल्या पानावर तीन ओळी आहेत : कार्यक्रमाचा दर गरिबातल्या गरिबाला परवडेल असा. स्टेजमागे उमेदवाराचा फोटो नाही. आणि प्रत्येक कार्यक्रमातला दहावा हिस्सा साथीदारांच्या अडचणीसाठी, न मागता. कलापथकाच्या नावाची जागा कोरी आहे. घाई नाही.

तुमच्या गावातही एका नावाची दोन मंडळे असतील. खरे कोण, या वादात अजून एक वर्ष घालवण्याआधी दोघांनीही आपापल्या वह्या एकदा उघडून बघा. माणसाचा रकाना आहे का?

जय भीम!