दीड फुटाला अठरा फूट

काही वर्षांपूर्वी एका बागेच्या नूतनीकरणाचं अंदाजपत्रक मी केलं होतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण चूक गावाची नव्हती, माझी होती. कारंजं, पेव्हर, दिवे, खेळणी सगळं बाबवार लिहिलं आणि शेवटी ‘फाटकाजवळ उतार, १ नग’ एवढी ओळ टाकून मोकळा झालो. ठेकेदारानं एक नग केला. सहा फुटांचा. फाटकाचा ओटा होता दीड फूट उंच. उद्घाटनानंतर तिथं गेलो, तर तीनचाकीवरचे एक काका उताराच्या पायथ्याशी थांबलेले. मला म्हणाले, “भाऊ, बाग चांगली झाली, पन मले आत जाता येत नही.”

हिशेब शाळकरी आहे. चाकाच्या खुर्चीला १:१२ चा उतार लागतो. एक फूट चढायला बारा फूट लांबी. दीड फुटाला अठरा. शिवाय वर आणि खाली खुर्ची वळवायला दीड-दीड मीटर सपाट जागा, किमान १.२ मीटर रुंदी, दोन्ही बाजूंना कठडा. ‘१ नग’मध्ये यातलं काही मावत नाही. मोजमाप पुस्तिकेत ज्याची लांबी-रुंदी नाही, त्याचं देयक तरी कशावर अडवणार? ठेकेदाराला दोष देण्यात अर्थ नव्हता.

म्हणून जळगाव जिल्ह्यात, जामनेरातल्या माझ्या टेबलावर आता कुठल्याही बागेचा कागद आला, की उतार बाब क्रमांक एक असतो, मीटरमध्ये. शेवटी का नाही? दर वाढले आणि मंजूर रक्कम पुरेनाशी झाली, की कात्री खालून लागते. कारंजं वाचतं. त्याच्यासमोर फोटो निघतात ना!

पैसा नाही, असं लोक म्हणतात. ते अर्धंच खरं. ‘अमृत’ योजनेत २०१५ साली उद्यानांसाठी वार्षिक आराखड्याच्या जास्तीत जास्त अडीच टक्के ठेवले होते, पण ती योजना मुख्यतः लाखावरच्या शहरांची. जामनेरसारख्या गावांना ते दार बंद होतं. आपल्याकडे वाट असते राज्याची नगरोत्थान योजना, जिल्हा नियोजन समिती, आमदार-खासदारांचा स्थानिक विकास निधी यांची. ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. या वाटेवर जागोजागी सही लागते, पण उतार किती लांब हे विचारणारं कुणी फारसं भेटत नाही. मागणीपत्रावर शब्दच ‘सुशोभीकरण’ असतो. त्या शब्दानं माझं बरंच नुकसान केलं आहे.

स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांग कल्याणावर खर्चायचे असतात. ‘उतार त्यातूनच करा की’ असं सुचवणारे हमखास निघतात. मला ते पटत नाही. तो पैसा माणसांचा आहे, उपचारांचा, उपकरणांचा. उतार हा बागेचा भाग. फाटक जसं बागेच्या खर्चात बसतं, तसाच तोही बसला पाहिजे.

कायदा तर या बाजूनं कधीचा उभा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधल्या ‘सार्वजनिक इमारत’ या व्याख्येत विरंगुळ्याची आणि करमणुकीची सार्वजनिक ठिकाणंही येतात. जुन्या इमारतींसाठी नियम निघाल्यापासून ५ वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशी म्हणून चालणार नाहीत, किमान निकष बंधनकारक हवेत.

नागपुरात पारडीला ‘अनुभूती’ हे सर्वसमावेशक उद्यान हाती घेतलं गेलं, ९० हजार चौरस फुटांचं, सुमारे १२ कोटींचं. स्पर्श आणि गंधाची बागही त्यात आहे. चांगलंच आहे. पण ते बघून आमच्याकडचे लोक हबकतात. तालुक्याच्या गावाला १२ कोटी लागत नाहीत. आहे ती बाग नीट उघडली तरी पुष्कळ.

आणि आपल्या खानदेशाचे प्रश्न सुगम्यतेच्या दिल्लीतल्या नियमपुस्तकात सापडत नाहीत. आपली काळी कपाशीची जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खाली मुरमाचा थर नीट दाबला नाही, तर दोन पावसाळ्यांत पेव्हर वर-खाली होतात आणि पांढऱ्या काठीचं टोक नेमकं तिथं अडकतं. दुसरं ऊन. मे महिन्यात ४५ अंशांत चकचकीत स्टीलचा कठडा धरून दाखवा! ज्याला धरावाच लागतो, त्याचा हात भाजतो. म्हणून मी कठड्यावर कडुनिंबाची सावली मागतो आणि झाडंसुद्धा अंदाजपत्रकात लिहितो. तिसरं, मोटारसायकली आणि गुरं आत येऊ नयेत म्हणून फाटकात लावलेले आडवे-तिडवे पाइप. गुरं थांबतात, तीनचाकीही थांबते. बाजूला कडी-कुलपाचं रुंद दार ठेवतात, पण किल्ली माळ्याकडे आणि माळी जेवायला गेलेला.

अनुदान बांधून देतं, झाडत नाही. जळगावात गांधी उद्यान आणि भाऊंचे उद्यान जैन उद्योगसमूहाच्या पुढाकारातून उभी राहिली. प्रत्येक गावाला असा हात मिळत नाही. जिथं तो मिळत नाही, तिथं निगेची तरतूद नगरपालिकेनंच दरवर्षी अंदाजपत्रकात करायची असते.

तुमच्या गावच्या बागेचं काम मंजूर झालं असेल, तर कार्यारंभ आदेशाच्या आधी माहितीच्या अधिकारात अंदाजपत्रकाची प्रत मागा आणि उतारापुढं ‘नग’ लिहिलंय की ‘मीटर’, एवढं बघा. अर्जाला दहा रुपये लागतात.