झाडावरचे घर

जळगाव जिल्ह्यातला उन्हाळा फार कडक असतो. मे महिन्यात कधी कधी पारा 45 अंशांवर जातो. दुपारी पत्र्याच्या घरात बसवत नाही. आमच्या परसात कडुनिंबाचे एक मोठे झाड आहे. उन्हाळ्यात आम्हां सहा जणांना त्याच्या सावलीचाच आधार असे. 1994 साली ताईने सुचवले, "या झाडावर आपण एक घर बांधू या. वर वाराही चांगला लागेल."

वडिलांना ही कल्पना आवडली. पण त्यांनी एक अट घातली. "घर बांधायचे तर सर्वांसाठी बांधू. आईलाही वर बसता आले पाहिजे."

आजीचे गुडघे दुखत. शिडी चढणे तिला शक्य नव्हते. ती म्हणाली, "अरे, मी खाली बाजेवर बरी आहे. माझ्यासाठी खर्च वाढवू नकोस." पण वडील ऐकेनात. घर सर्वांचे म्हणायचे आणि आजीला खाली ठेवायचे, हे त्यांना पटत नव्हते. म्हणून शिडीऐवजी रुंद पायऱ्या करायचे ठरले. प्रत्येक पायरी फक्त सहा इंच उंच आणि दोन्ही बाजूंना धरायला कठडा. पायऱ्या फार होऊ नयेत म्हणून घरही जमिनीपासून सहा फुटांवरच घ्यायचे ठरले.

गावातल्या सुतारकाकांना बोलावले. त्यांनी आल्याबरोबर करवत काढली नाही. आधी ते झाडाभोवती दोन फेऱ्या फिरले. खोडावर हातोडीने हळूच ठोकून त्यांनी आवाज ऐकला. खोड आतून पोकळ असेल तर आवाज वेगळा येतो. बुंध्याशी वाळवी किंवा बुरशी आहे का, तेही त्यांनी पाहिले. मग म्हणाले, "झाड निरोगी आहे. आता काम करू."

"मिस्त्री, लाकडे दोराने आवळून बांधली तर स्वस्तात होईल का?" वडिलांनी विचारले.

"नको भाऊ. आपल्या मनगटाला दोरी घट्ट बांधली तर बोटांचे काय होते? झाडाचेही तसेच होते."

काकांचे म्हणणे खरे होते. पाने जे अन्न तयार करतात, ते सालीच्या आतल्या थरातून मुळांपर्यंत जाते. खोड वर्षावर्षाला जाड होते. दोर मात्र तेवढाच राहतो. तो सालीत रुततो, अन्नाची वाट अडते आणि झाड हळूहळू वाळते. म्हणून काकांनी दोर वापरला नाही. पुष्कळ खिळेही ठोकले नाहीत. खोडाच्या दोन बाजूंना एकेक जाड बोल्ट बसवून त्यावर दोन सागवानी तुळया घेतल्या. तुळयांची दुसरी टोके जमिनीत पुरलेल्या दोन खांबांवर ठेवली. ही टोके त्यांनी पक्की केली नाहीत. लोखंडी खोबणीत नुसती ठेवली. वाऱ्याने झाड हलते, तेव्हा तुळईला थोडे सरकता आले पाहिजे. दोन्ही टोके जखडली तर लाकूड तरी तडकते, नाही तर बोल्ट तरी सैल होतो.

तुळयांवर आठ फूट लांब आणि सहा फूट रुंद अशी फळ्यांची जमीन झाली. खोडाजवळच्या फळ्या काकांनी अर्धगोल कापल्या आणि खोड व फळ्या यांत चार बोटे जागा सोडली. धाकट्या भावाने विचारले, "काका, झाड वाढले की आपले घर उंच जाईल का?" काका हसले. "नाही बाळा. झाड शेंड्याला उंच होते. खाली ते फक्त जाड होते. तुझे घर आहे तिथेच राहील. म्हणून तर ही जागा सोडली."

घर तयार झाले. पण वडिलांनी कोणालाही वर जाऊ दिले नाही. आमच्या सहा जणांचे वजन सुमारे 260 किलो होते. वडिलांनी वाळूची 12 पोती वर ठेवायला लावली. प्रत्येक पोते 50 किलोचे, म्हणजे एकूण 600 किलो. ती रात्रभर तशीच राहू दिली. सकाळी काकांनी तुळया, बोल्ट आणि खांब तपासले. सर्व जागच्या जागी होते.

पोती उतरवल्यावर वडिलांनी प्रथम आजीचा हात धरला. कठड्याला धरून एकेक पायरी चढत ती वर गेली. शेजारच्या शेतापलीकडचा रस्ता तिला तिथून दिसला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "किती वर्षांनी एवढ्या लांबचे पाहिले!"

विजा चमकू लागल्या की खाली उतरायचे, हा नियम वडिलांनी सर्वांना लावून दिला होता. जून महिन्यात मोठे वादळ झाले. आम्ही घरात बसून खिडकीतून पाहत होतो. झाड डोलत होते आणि तुळया खोबणीत पुढेमागे सरकत होत्या. घराला काही झाले नाही.

आज आजी नाही. कडुनिंब मात्र हिरवागार आहे. चार बोटांची जागा भरत आली, तेव्हा आम्ही फळ्या पुन्हा कापून घेतल्या. ज्याच्या आधाराने राहायचे, त्याला वाढायला जागा द्यावी लागते. झाडाच्या बाबतीत हे खरे आहे आणि माणसांच्या बाबतीतही.