डब्यामागचा शब्द

परळमध्ये केईएम, वाडिया आणि टाटा मेमोरियल ही रुग्णालये एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. टाटा मेमोरियल तर १९४१ पासून इथे आहे. देशभरातून कर्करोगाचे रुग्ण येतात, उपचार महिनोन्‌महिने चालतात. सोबतच्या माणसांना राहायला कुठेतरी कोपरा मिळतो. पण घरचे, पचेल असे जेवण मिळणे अवघड जाते. आम्ही दोघी जावा अशा कुटुंबांना घरून डबे देतो.

या भागाला हा धंदा नवा नाही. लालबाग-परळच्या गिरण्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे पुरुष बायकामुले गावी ठेवून कामाला येत आणि एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. त्यांना चाळीतल्या खानावळवाल्या बायका जेवू घालत. महिनाभर जेवण द्यायचे आणि गिरणीचा पगार झाला की पैसे घ्यायचे. तोवर वाण्याचे सामान उधार, नाहीतर सावकाराचे कर्ज भारी व्याजाने. तरी गिऱ्हाईक वर्षानुवर्षे टिकत असे. कोणाला तिखट सोसत नाही, कोण रात्रपाळीला आहे, कोणाचा उपवास कोणत्या वारी, हे सगळे बाईला पाठ असे.

१९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. तारण ठेवायला बायकांकडे काही नव्हते. मंडळाने त्यांचे गट केले, त्या एकमेकींना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळाले. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. कित्येक जण गावी परतले ते कायमचेच. खानावळवाल्यांच्या वह्यांत उधारी तशीच राहून गेली.

ही हकीकत आम्हाला महत्त्वाची वाटते, कारण गिऱ्हाइकाशी चांगले वागण्याची किंमत कोणाला मोजावी लागते, ते तिच्यातून दिसते.

आमच्याकडे फोन आला की आम्ही तीन गोष्टी आधीच सांगतो. घर मुसलमानाचे आहे. मांसाहारी जेवण हलाल असते. शाकाहारी जेवणाची भांडी वेगळी आहेत आणि ती वेगळीच राहतात. हे ऐकून काही जण नको म्हणतात. त्यांचा आम्हाला राग नाही. जे हो म्हणतात त्यांना नंतर कोणाकडून काही कळण्याची भीती उरत नाही. शाकाहारी माणसाची भांडी सांभाळणे ही आमच्याकडे सोपवलेली अमानत आहे. स्वयंपाकघरात पाहायला कोणी येत नाही, म्हणून तर ती जास्त जपावी लागते.

रुग्णाचा डबा आम्ही वेगळ्या वहीत लिहितो. डॉक्टरांनी काय वर्ज्य केले ते नातेवाइकांना विचारून घेतो. तोंड आलेल्या माणसाला मऊ भात, मुगाचे वरण, दुधी; मिरची अजिबात नाही. कच्ची कोशिंबीर नको असे सांगितले असेल तर ती चुकूनही जात नाही. डबा साडेबाराला म्हणजे साडेबाराला. औषध जेवणावर असते, त्यामुळे आमच्या उशिराचा त्रास रुग्णाला होतो. रमजानमध्ये आम्ही काही चाखत नाही. मीठ चमच्याने मोजून घालतो आणि घरातल्या लहान मुलांकडून चव पाहून घेतो.

एकदा विदर्भातल्या एका कुटुंबाचा रुग्ण गेला. ते लोक त्याच रात्री गावी निघाले. अकरा दिवसांचे पैसे राहिले. आठवड्याने आम्ही फोन केला तो विचारपूस करायला. पैशांचा विषय काढला नाही. यावरून घरात वाद झाला. धंद्यात मुरव्वत कशाला, असे घरातल्या पुरुषांचे म्हणणे. त्यांचेही खरे होते; गॅसचे बिल कोणी माफ करत नाही. ते पैसे आजतागायत आलेले नाहीत. पण त्याच तालुक्यातून पुढे तीन कुटुंबे आमचा नंबर घेऊन आली. नंबर त्याच माणसाने दिला होता.

असे दरवेळी होईलच असे नाही. म्हणून आम्ही एक नियम केला. प्रत्येक डब्यामागे दोन रुपये वेगळ्या डबीत टाकायचे. ज्याच्यावर दुःख कोसळले त्याची बाकी त्या डबीतून भरायची आणि वहीत खाते बंद करायचे. बाकीच्यांचा हिशेब मात्र दर शनिवारी, रुपयाला रुपया. गिऱ्हाइकालाही ते बरे वाटते. थकलेला माणूस लाजतो आणि लाजलेला माणूस दुसरीकडे जेवू लागतो.

आपल्या कितीतरी भगिनी आज घरून बिर्याणी, चपात्या, इफ्तारीचे पदार्थ विकतात. मेहमाननवाजी आपल्या घरांत आहेच. पण पाहुण्याला एक दिवस जेवू घालणे वेगळे आणि गिऱ्हाइकाला रोज तीच चव, तीच वेळ, तेच माप देणे वेगळे. भाव आधी सांगा. जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा. आणि वाईट दिवसासाठी थोडे बाजूला टाका. गिरणगावच्या त्या बायकांकडे माया भरपूर होती, हाताला चवही होती. संपाच्या दिवसांत गाठीला काही उरले नव्हते. रोजीत बरकत यावी अशी दुआ आपण करतोच. तिच्याबरोबर ती वही आणि ती डबीही असू द्या.