मामा, इथंही लाल आहे

धुळं हे वरून पाहायचं शहर आहे. १८१८ साली खान्देश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला कारभार पाहायला आला. त्यानं जुन्या गावाशेजारी नवी पेठ आखून घेतली ती सरळ रेघांत. म्हणूनच धुळ्यात आजही पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतात: गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. पण आग्रा रोडवर उभं राहून ही आखणी कुणाला दिसली असेल असं वाटत नाही. तिथं हातगाड्या दिसतात, रिक्षा दिसतात आणि रस्त्याच्या मधोमध निवांत बसलेली गाय दिसते.

पांझरेचे फडही तसेच. नदीवर ठिकठिकाणी बंधारे, बंधाऱ्यातून काढलेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठाले फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी पिकांनी फड बदलायचे, आणि पाणी द्यायचं ते गावानं नेमलेल्या पाटकऱ्यानं. शेतकऱ्यानं स्वतः पाटाला हात लावायचा नाही. इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून चालत आलेली ही रीत. विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, तेव्हा सुरुवातीलाच त्यांच्या वाट्याला आलेलं काम याच नदीवरचं होतं: दातर्तीजवळ पांझरा ओलांडून पाणी नेणारा नळाचा सायफन. पाठ्यपुस्तकातल्या माणसानं आपल्या नदीत काम केलंय, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नदीकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं असतं. असो.

हे सगळं एकदा वरून बघायचं, ही माझी जुनी हाव.

आमच्या वेळी वर जायचं म्हणजे पायांनी जायचं. धुळ्याहून यष्टीनं लळिंगला उतरायचं आणि फारुकी राजांच्या त्या किल्ल्यावर चढायचं. वाटेत कुरणातली गुरं, अंगाला ओरखडे काढणारी काटेरी झुडपं, आणि डॉ. आंबेडकर जिथं मुक्कामाला होते त्या लांडोर बंगल्याची कुणीतरी सांगितलेली गोष्ट. माथ्यावर पोचलं की मुंबई-आग्रा रस्ता दोरीसारखा पडलेला दिसे. माझ्याकडे क्लिक थ्री कॅमेरा होता. रोलमध्ये फोटो बारा. त्यामुळे किल्ल्याचा एक, खालच्या पठाराचा एक आणि बाकीचे जपून, असा हिशेब असे. पण तो कधी जमत नसे, कारण वाटेत माणसं भेटत. एखादा मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून उभा राही आणि म्हणे, "मन्हा फोटू काढ ना भाऊ." काढावाच लागे. मग पत्ता लिहून घ्यायचा, मुक्काम पोस्ट अमुक, तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे, आणि रोल धुवून आला की पाकिटातून फोटो पाठवून द्यायचा. पुढच्या खेपेला त्या गावात गेलं की तो फोटो देवाच्या तसबिरींच्या रांगेत लावलेला सापडे, आणि आम्हाला चहा मिळे.

गावातल्या उंच जागांनाही कुणीतरी मालक असे. पाटलाच्या माडीवर जायचं तर पाटलीणबाईंना विचारायचं. पाण्याच्या टाकीवर चढायचं तर वॉचमनला. देवळाच्या शिखराशेजारच्या गच्चीवर पुजारी चप्पल काढून जाऊ देई. नाही म्हणणारेही असत, पण ते समोर उभे राहून नाही म्हणत, आणि पंधरा मिनिटं गप्पा मारल्या की त्यातले निम्मे तरी हो म्हणत.

संक्रांतीला तर आकाश आमचंच असे. धुळ्याच्या गच्च्या सकाळपासून भरत. मांजा घरी सुतवायचा, काच कुटायची, हाताला चिंध्या बांधायच्या. (नायलॉनचा मांजा तेव्हा नव्हता, त्यानं पक्ष्यांचे आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापले जाऊ लागल्यावर २०१७ मध्ये हरित लवादानं त्यावर देशभर बंदी घातली.) पतंगासाठी कुणाला अर्ज केल्याचं आठवत नाही. गंमत अशी की १९३४ च्या विमान कायद्यात विमानाची जी व्याख्या होती, तिच्यात फुगे, ग्लायडर यांच्या जोडीला पतंगही होता. म्हणजे कायद्याच्या नजरेत आम्ही सगळी पोरं विमानं उडवत होतो, आणि पोलीस वाड्याखाली उभे राहून कुणाची कटली ते बघत होते.

यावरून जुना काळ मोकळा होता असा निष्कर्ष मात्र कुणी काढू नये. तापीवरच्या रेल्वेपुलाशी कॅमेरा बाहेर काढला की पुलाच्या तोंडाशी बसलेला चौकीदार बिडी विझवून उठे. धरणांवर, पुलांवर, स्टेशनात 'फोटो काढण्यास मनाई आहे' अशा पाट्या असत. १९३७ च्या विमान नियमांनुसार तर उडत्या विमानातून फोटो घ्यायलाही लेखी परवानगी लागत असे. मनाई होतीच. फक्त ती पाटीवर लिहिलेली असे आणि पाटीशेजारी एक माणूस असे.

आता भाच्याची गोष्ट. तो पुण्याला नोकरी करतो. दिवाळीला जळगावला आला तो पाठीवर एक नवी काळी पिशवी घेऊन. आत ड्रोन, वजन पाव किलोच्या किंचित आत. अमेरिकेतला त्याचा भाऊ तिकडून पाठवणार होता, पण फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, म्हणून यानं इथंच घेतला. मी खूश. म्हटलं, जळगाव-धुळे जिल्ह्यांत गाडी फिरवू, वाटेतलं सगळं वरून बघू. त्यानं आमच्या गच्चीवर मोबाइल उघडला, सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "मामा, इथंच अडचण आहे."

अडचण म्हणजे विमानतळ. जळगावची धावपट्टी १९७३ ची. आमच्या तरुणपणी तिथं मंत्र्याचं विमान उतरलं तर लोक बघायला जात. २०१२ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना नव्या विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि आता तिथून प्रवासी विमानं जातात, शिकाऊ वैमानिकांचीही उड्डाणं होतात. धुळ्याजवळ गोंदूरला तेच, शिरपूरला तेच. जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यात वर्डीच्या शिवारात प्रशिक्षणाचं छोटं विमान कोसळून प्रशिक्षकाचा जीव गेला. तेव्हा या आकाशात खरोखर माणसं आहेत, हे मान्य करूनच पुढचं लिहितो.

नियम तसा समजायला सोपा आहे. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे तीन रंग केले. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत परवानगी नको. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट. पिवळ्यात विमान नियंत्रण कक्षाला विचारायचं. लालमध्ये केंद्र सरकारला. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्रही लागत नाही. आधीपेक्षा हे पुष्कळ बरं. ऑक्टोबर २०१४ मध्ये विमान वाहतूक महासंचालनालयानं सामान्य माणसाला ड्रोन सरसकट बंद केला होता, आणि तो २०१८ च्या डिसेंबरपर्यंत बंदच होता. कागदावर बघितलं तर आपण मोकळे होत चाललो आहोत.

पण गाडी काढल्यावर कळतं. भुसावळला आयुध निर्माणी, वरणगावला दुसरी. तिथं पिशवी गाडीतून बाहेर काढायचीसुद्धा नाही. हतनूरला ४१ दरवाज्यांचं धरण, तिथं सुरक्षेचा प्रश्न. चांगदेवचं देऊळ केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं, त्यामुळे तापी-पूर्णेचा संगम समोर पसरलेला असूनही आधी खात्याचा कागद हवा. पालला यावल अभयारण्य, तिथं वन खातं. पाटणादेवीला अभयारण्यही आणि पुरातत्त्वही. प्रत्येक ठिकाणी भाचा उतरे, मोबाइल बघे, चौकशी करे आणि परत येऊन दार लावी. "मामा, इथंही लाल आहे," हे वाक्य आमच्या गाडीत पुढं पुढं विनोदासारखं झालं. केळीच्या बागेत थांबलो तरी मी विचारी, "इथं कोणता रंग?"

एका ठिकाणी रंग हिरवा निघाला. तापीकाठचं गाव होतं. भाच्यानं पंखे उघडले, बॅटरी बसवली, तेवढ्यात माणसं जमली. एका म्हाताऱ्यानं अहिराणीत विचारलं, "हाई काय शे भो?" त्याला फक्त कुतूहल होतं. पण मागच्या दोन तरुणांना नव्हतं. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, बीड, छत्रपती संभाजीनगर या भागांत रात्री ड्रोन फिरताना दिसत होते, चोर टेहळणी करतात अशी आवई उठली होती आणि गावंच्या गावं रात्रभर जागत होती. तिचे व्हिडिओ या पोरांच्या मोबाइलमध्येही आलेले. रात्रीचे फिरणारे ते तुम्हीच का, कुणी पाठवलं, कुणाच्या शेताची मोजणी? भाच्यानं नकाशा दाखवला, हिरवा रंग दाखवला. त्यांना त्या रंगाशी काय देणंघेणं? पोलीस ठाण्यात गेलो, तिथं म्हणाले वरच्या कार्यालयातून पत्र आणा. वरच्या कार्यालयात फोन लावला, तर ते म्हणाले ठाण्यात विचारा. ऊन उतरलं. ड्रोन पिशवीत गेला.

मला त्या पोरांचा राग आला नाही. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान सीमेवर जो संघर्ष झाला त्यात ड्रोन म्हणजे शस्त्र हे टीव्हीनं घरोघर दाखवलं. मुंबई पोलिसांनी तेव्हा शहरात ड्रोन उडवायला बंदीच घातली होती. ज्या गावात माझ्या कॅमेऱ्यापुढे लोक केस विंचरून उभे राहत, त्याच प्रकारच्या गावात यंत्र दिसल्याबरोबर शंका येते, याचं वाईट वाटलं. आणि एक फरकही दिसला. क्लिक थ्री माणसाच्या समोर धरावा लागे. ड्रोन त्याच्या डोक्यावरून जातो. घराच्या परसात कोण अंघोळीला बसलंय, कुणाच्या वाळवणाला किती मिरच्या, हे वरून दिसतं, आणि ज्याचं दिसतं त्याला कुणी विचारलेलं नसतं. नकाशाचा हिरवा रंग विमानाची काळजी घेतो, परसाची घेत नाही.

तरीही ज्यांना उडवायचा ते उडवतातच. २०२० च्या एप्रिलमध्ये स्वामित्व योजना जाहीर झाली. भूमी अभिलेख खातं आणि भारतीय सर्वेक्षण विभागानं गावठाणात चुन्याच्या खुणा करून ड्रोननं मोजणी केली, लोकांना घरांच्या सनदा मिळाल्या. साखळी घेऊन फिरणाऱ्या जुन्या मोजणीदाराला जे आठवडाभर लागे ते काही तासांत झालं. शेतात फवारणीचे ड्रोन आलेत, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेल्या योजनेतून बचतगटांच्या बाया ते चालवायला शिकतात, आणि ही गोष्ट मला मनापासून आवडते. राहिले लग्नवाले. लग्नसराईत कोणत्याही लॉन्सवर जा, नवरदेव घोड्यावर बसला की डोक्यावर भुंगा सुरू. तिथं नकाशा कुणी उघडत नाही, ठाण्यात कुणी जात नाही. विचारणाऱ्याला नाही म्हणायचं आणि न विचारणाऱ्याचा अल्बम पूर्ण व्हायचा, असा हा व्यवहार आहे. मला तो चुकीचा वाटतो.

परतताना चाळीसगावला थांबलो, केकी मूस यांच्या घरी. स्टेशनजवळच्या त्या घरात त्यांनी आयुष्य काढलं. कित्येक दशकं ते क्वचितच उंबऱ्याबाहेर पडले, तरी टेबलावर मांडणी करून प्रकाशचित्रं घेत राहिले आणि त्यांना देशोदेशीची बक्षिसं मिळाली. १९८९ मध्ये ते गेले. भाचा तिथं बराच वेळ फोटो बघत उभा होता. मी त्याला चिडवायला म्हटलं, "बघ, यांना विमानतळाची अडचण नव्हती." तो हसला नाही. म्हणाला, "पण मामा, मला टेबल नकोय, मला तुमचे फड बघायचेत."

त्याचं बरोबर आहे. फडाची रीत मोडत चालली आहे, विहिरी आणि बोअर आल्यापासून पाटाची गरज उरली नाही. जे उरलंय त्याचं वरून नीट चित्र घेऊन ठेवलं पाहिजे, आणि ते काम सरकारी मोजणी करणार नाही. कुणीतरी हौशी भाचाच करील. म्हणून जळगाव आणि धुळ्याच्या प्रशासनाला विनंती आहे. प्रत्येक तालुक्यात चार जागा ठरवा, जिथं दिवसा, ठरावीक वेळी लहान ड्रोन उडवता येईल. तिथं मराठीत पाटी लावा, पाटीवर फोन नंबर द्या आणि तो उचलणारा माणूस नेमा. आणि ड्रोन घेऊन खान्देशात येणाऱ्यांनी नकाशा बघितल्यावर आधी ग्रामपंचायतीत जावं, चहा घ्यावा, कशाचा फोटो काढायचा ते सांगावं, आणि काढलेला फोटो गावाला पाठवावा. पोस्टानं पाठवला तर फारच उत्तम.